दगडाला किती लागलं?

करमाडच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग हाताने फुटणारा मांजऱ्या, आणि त्याखाली कातळ. कातळ लागला की टिकाव-पहारीचं राज्य संपतं. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो, खाली भोकं पाडली जातात, त्यांत जिलेटिनच्या कांड्या ठासतात. कुणीतरी बांधावरून ओरडतं, माणसं बाभळीच्या आडोशाला जातात. पायाखालची जमीन एकदा हलते, धुराळा वर येतो, आणि वाकून पाहिलं तर काळ्या पाषाणाचे ढपले पडलेले असतात. लहानपणी मला वाटायचं, दगडाचे याहून वाईट हाल होऊच शकत नाहीत.

होऊ शकतात. ज्या जालना रोडवर करमाड आहे तोच रस्ता धरून जालना, सिंदखेडराजा, सुलतानपूर करत सव्वाशेएक किलोमीटर गेलं की लोणार येतं. तिथला पाषाण आणि आपल्या विहिरीतला पाषाण एकाच घराण्यातले. दख्खनचे लाव्हाचे थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेले, त्यांतलेच हे दोघे. फरक एवढाच, की लोणारच्या दगडावर आभाळातून काहीतरी येऊन आदळलं, आणि आपल्या दगडावर फक्त सुरुंगवाला आला. पण हे सिद्ध करायचं म्हणजे दगडालाच विचारायचं, तुला किती जोरात लागलं? आणि दगड काय सांगतो ते वाचायला शिकायचं. या शिकण्यात दीडशे वर्षं गेली. त्या गोष्टीत लोणार आहे, बिहारमधलं एक गाव आहे, आणि ह्यूस्टनमधली एक बारीक नळीची तोफही आहे.

लोणारच्या लोकांकडे उत्तर पहिल्यापासून होतं. लोणासुर तिथल्या बिळात दडला होता, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला. पाणी खारट का, याचंही कारण त्यातच आलं. तळ्यातून क्षार काढण्याचा धंदा जुना. ऐन-इ-अकबरीतही इथल्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. क्षारांच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. १८२३ साली अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी तिथे पोचला तेव्हा वऱ्हाडावर आणि आपल्या औरंगाबादेवरही निजामाचंच राज्य होतं. त्याच्यानंतर येणाऱ्या एकेका भूशास्त्रज्ञाने विवर पाहिलं आणि बहुतेकांनी एकच निदान केलं, ज्वालामुखी.

या लोकांना हसण्यात अर्थ नाही. शेकडो किलोमीटर लाव्हाचा प्रदेश, त्यात गोल खड्डा, खड्ड्यात खारं पाणी. दुसरं कुणी काय म्हणणार? अडचण एकच होती. खड्ड्यातून बाहेर आलेला नवा लाव्हा कुठेच नव्हता. मग कुणी म्हणालं, वाफेचा स्फोट झाला. कुणी म्हणालं, खालचं छत बसलं आणि जमीन खचली. लातूश आणि ख्रिस्ती यांनी १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या दप्तरात लोणारवर सविस्तर लिहिलं, त्यांचंही बोट जमिनीखालीच होतं. वर आभाळाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

या चुकीचा पल्ला अमेरिकेपर्यंत गेला, ही त्यातली गंमत. ॲरिझोनात असाच एक गोल खड्डा होता आणि त्याच्या आसपास लोखंडी उल्कांचे तुकडेही सापडत होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळचा अव्वल भूवैज्ञानिक. उल्का आदळली असेल तर ती खाली पुरलेली असणार, म्हणून त्याने होकायंत्र फिरवून पाहिलं. काठावरची माती खड्ड्यात भरून काही उरते का, याचा हिशोबही केला. दोन्हीकडून उत्तर नकारार्थी. १८९६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने तो खड्डा वाफेच्या स्फोटाचा ठरवला, आणि ज्या जगभरच्या खड्ड्यांशी तुलना केली त्यांत लोणारही होतं. म्हणजे दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या नावाने खोटी साक्ष देत होते. दोन्ही खड्डे उल्केचेच निघाले.

गिल्बर्टची हुशारी जिथे कमी पडली ती जागा नेमकी आहे. आदळणारी वस्तू आदळल्यावर शिल्लक राहते, असं त्याने धरलं होतं. भिंतीत बंदुकीची गोळी रुतते तसं. देवगिरीच्या तटावर आदळणारा तोफेचा गोळा सेकंदाला काहीशे मीटर वेगाने येत असेल, तो खरंच रुततो किंवा परत उडतो. पण अंतराळातून येणारी वस्तू पृथ्वीच्या नुसत्या ओढीनेच सेकंदाला ११ किलोमीटरच्या वर वेग घेते. त्या वेगाला दगड आणि धातू वेगळ्याच कायद्याने वागतात.

तो कायदा समजायला वारीची दिंडी डोळ्यांपुढे आणावी. पुढचा वारकरी थांबला की मागच्याला कळतं, तो त्याच्या मागच्याला खुणावतो, आणि थांबण्याची बातमी दिंडीतून मागे मागे जाते. दगडातही अशी बातमी जाते, तिचा वेग सेकंदाला पाच-सहा किलोमीटर. आपण ज्याला दगडातला आवाज म्हणतो तो हाच. हातोडा मारला तर बातमी हातोड्याच्या कितीतरी पुढे धावते, दगड लवतो, तडकतो, जमवून घेतो. पण मागून येणारी गर्दी बातमीपेक्षा वेगाने आली तर? पुढच्याला बाजूला व्हायला सवडच नाही. माणसांवर माणसं दाटतात आणि त्या दाटीची एक भिंतच पुढे सरकू लागते. भिंतीच्या पुढे सगळं शांत, मागे चेंगराचेंगरी. पदार्थात सरकणाऱ्या अशा भिंतीला म्हणतात आघात तरंग.

या भिंतीचं गणित मांडणारा प्येर-आंरी ह्युगोनियो तोफखान्याशी संबंधित फ्रेंच माणूस. त्याचे मुख्य लेख १८८७ आणि १८८९ साली छापले गेले, आणि १८८७ मध्येच तो वारला, त्यामुळे दुसरा लेख त्याला पाहायलाच मिळाला नाही. गणित दिसायला सोपं आहे. भिंत किती वेगाने सरकते ते मोजा. भिंत ओलांडून गेल्यावर मागचा पदार्थ स्वतः किती वेगाने ढकलला जातो ते मोजा. दोन्हींना घनतेने गुणलं की दाब आला. समजा बेसाल्टची घनता घनमीटरला ३,००० किलो धरली, भिंत सेकंदाला ६ किलोमीटर आणि पदार्थ २ किलोमीटर वेगाने सरकला, तर दाब होतो ३६ गिगापास्कल. आपल्या डोक्यावर हवेचा जो दाब आहे त्याच्या साडेतीन लाख पट. दाब थेट मोजायला तिथे कोणतं उपकरण टिकणार? म्हणून वेग मोजायचे आणि दाब काढायचा. या सगळ्या शास्त्राची नाडी इथे आहे.

पण वेग तरी कसे मोजायचे? सगळा खेळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात उरकतो. अणुबाँबच्या कामातून लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत हे तंत्र पक्कं झालं. धातूच्या तबकडीत वेगवेगळ्या खोलीवर विजेच्या बारीक पिना बसवायच्या आणि एका बाजूने स्फोटक लावायचं. भिंत एकेका पिनेपाशी पोचली की ती पिन टेकते, मंडळ पुरं होतं आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक रेघ उडते. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे वेळ. १९५० च्या दशकात तिथे एकेका धातूचे तक्ते तयार झाले, एवढ्या वेगाने मारलं तर एवढा दाब. पुढे दगडाला मारायची पाळी आली तेव्हा हे तक्ते फुटपट्टीसारखे कामी आले.

आता बिहारकडे जाऊ. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गयेजवळच्या शेरघाटी गावात एक उल्का पडली. तिचा तुकडा व्हिएन्नाला पोचला. गुस्ताव चेरमाक याने १८७२ साली तिचं वर्णन केलं तेव्हा त्याला तिच्यात एक चमत्कारिक काच दिसली. स्फटिकाचा आकार जसाच्या तसा, कडा सरळ, पण आत स्फटिकपण औषधालाही नाही. ब्रिटिश म्युझियममधले खनिजतज्ज्ञ मॅस्केलाइन यांच्या नावावरून त्याने तिला मॅस्केलिनाइट म्हटलं. ती कशी झाली हे पुढे नव्वद वर्षं कुणाला सांगता आलं नाही. काच म्हटली की वितळणं आलं. पण वितळलं असतं तर आकार राहिला नसता. साखर पाघळून पाक झाली तरी दाण्यांचा आकार राहिलाय, असं कधी होतं का?

कोडं सुटलं १९६३ साली, अमेरिकेत. डॅनिएल मिल्टन आणि पॉल डिकार्ली यांनी गॅब्रो नावाचा दगड घेतला. गॅब्रो म्हणजे बेसाल्टचाच सावकाश थंड झालेला भाऊ, खनिजं तीच, दाणा मोठा. त्यावर स्फोटकाने २५० ते ३०० किलोबारचा, म्हणजे २५ ते ३० गिगापास्कलचा दाब क्षणभर दिला. नंतर दगड उघडून पाहिला तर त्यातल्या प्लॅजिओक्लेज या पांढरट खनिजाची मॅस्केलिनाइट झाली होती. वितळून नव्हे. अणूंना रांग मोडून परत जुळवायला वेळच मिळाला नाही, ते होते तिथेच विस्कटून गोठले. शेजारचं पायरॉक्सिन हे खनिज मात्र स्फटिकच राहिलं होतं. ६०० ते ८०० किलोबारला नेलं तेव्हा प्लॅजिओक्लेज खरोखरच वितळायच्या तापमानापलीकडे गेलं. म्हणजे शेरघाटीच्या दगडाने कुठेतरी जबर मार खाल्ला होता. कुठे, ते त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. तो दगड मंगळावरून आला होता हे पुढच्या पिढीला कळलं.

लोणारच्या दृष्टीने १९६३ चा हा प्रयोग मोक्याचा. तीन वर्षं आधी, १९६० साली, चाओ, शूमेकर आणि मॅडसन यांनी ॲरिझोनाच्या खड्ड्यात कोएसाइट शोधलं होतं. प्रचंड दाबाखाली क्वार्ट्‌झचं होणारं ते रूप. तिथला वाद त्याने संपवला. ॲरिझोनाच्या वाळूच्या दगडात क्वार्ट्‌झ खंडीने भरलेलं. आपल्या बेसाल्टमध्ये मूळचं क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतंच. शेतात नांगराला लागते ती गारगोटी पुढे पाण्याने पोकळ्यांत साचलेली, लाव्हाबरोबर आलेली नव्हे. म्हणजे साक्षीदार आहे, पण कोर्टाला त्याची भाषा येत नाही, अशी लोणारची अवस्था. नंदी आणि देव यांनी १९६१ साली, लाफाँड आणि डिट्झ यांनी १९६४ साली लोणारवर लिहिलं. डिट्झ यांनी तर मथळ्यातच उल्काविवराचा प्रश्न टाकला होता. उत्तर द्यायला पुरावा हवा होता, आणि तो प्लॅजिओक्लेजकडेच मागावा लागणार होता.

मग १९६९ आलं. अपोलो ११ ने चंद्रावरून दगड आणले आणि त्यांतले बरेच निघाले बेसाल्ट. चंद्राच्या बेसाल्टवर कोट्यवधी वर्षं मारा झालेला, तो वाचायचा तर पृथ्वीवर बेसाल्टमधलं एखादं खात्रीचं आघातविवर हवं. सगळ्यांचे डोळे बुलढाणा जिल्ह्याकडे वळले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि स्मिथ्सोनियन संस्थेची माणसं एकत्र आली आणि तळ्याच्या तळात यंत्राने छिद्रं पाडली गेली. वर गाळाचा जाड थर, त्याखाली ठेचलेल्या, मिसळलेल्या, पुन्हा घट्ट झालेल्या खडकाचा चुरा. त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट सापडली. काठावर काचेचे गोळे सापडले, काही मोहरीहून बारीक.

२५ मे १९७३ च्या 'सायन्स'मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला. विवराचा व्यास १,८३० मीटर, खोली जवळजवळ १५० मीटर, काठ आसपासच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच, आणि कारण उल्कापात. त्या वेळी माहीत असलेलं बेसाल्टमधलं पृथ्वीवरचं हे एकमेव विवर. लेखकांमधला मिल्टन म्हणजे दहा वर्षांपूर्वी स्फोटकाने ही काच बनवणारा तोच मिल्टन. आपण प्रयोगशाळेत घडवलेली खूण त्याला लोणारच्या चिखलाखालून निघालेल्या दगडात ओळखता आली. शास्त्राच्या इतिहासात अशी वर्तुळं इतकी नीट क्वचितच पूर्ण होतात.

पण 'लागलं' एवढंच कळलं होतं. 'किती' हे बाकी होतं. ते काम सुझन कीफर आणि तिच्या सहकाऱ्यांनी हाती घेतलं. कीफरने आधी ॲरिझोनाच्या वाळूच्या दगडावर असंच काम केलेलं. १९७६ साली या गटाने लोणारच्या मार खाल्लेल्या बेसाल्टच्या पाच इयत्ता लावल्या. पहिलीत दगड नुसता तडकलेला. साधारण २०० किलोबारच्या वर गेलं की दुसरी इयत्ता, प्लॅजिओक्लेजची मॅस्केलिनाइट. त्याच्या वर ती काच वाहू लागते, तिच्यात बुडबुडे येतात. आणखी वर पायरॉक्सिनच्या कडाही वितळतात. आणि साधारण ८०० किलोबारच्या पुढे सगळा दगड काच.

पाचही इयत्तांवर दाबाचे आकडे लिहायचे तर धक्का न बसलेला बेसाल्ट घेऊन त्याला मोजून मारायला हवं. ते झालं ह्यूस्टनला, नासाच्या जॉन्सन केंद्रात, फ्रीडरिश ह्योर्झच्या प्रयोगशाळेत. तोफेची नळी फक्त २० मिलिमीटर रुंद. नळीत प्लॅस्टिकचा गोळा, त्याच्या तोंडावर धातूची सपाट चकती. समोर निर्वात कोठडीत धातूच्या घरट्यात बसवलेली दगडाची लहानशी टिकली. दारू पेटते, चकती सपाट जाऊन घरट्यावर आदळते. चकती तिरकी झाली तर प्रयोग वाया, म्हणून सपाटपणाला फार जपतात. चकतीचा वेग मोजलेला असतो, धातूंचे तक्ते लॉस अलामॉसने करून ठेवलेले असतात, त्यावरून टिकलीला किती दाब बसला ते निघतं. मग घरटं लेथवर कापून आतली टिकली हलक्या हाताने काढायची.

१९७७ साली रँड शाल आणि ह्योर्झ यांनी या तोफेसमोर दोन दगड ठेवले. एक लोणारचा बेसाल्ट. दुसरा ७५०३५ क्रमांकाचा, अपोलो १७ च्या माणसांनी डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरून उचललेला. दाब चढवत १,००० किलोबारपर्यंत नेला. चंद्रासारखं प्राणवायूशिवायचं वातावरण राहावं म्हणून कोठडीत कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं समसमान मिश्रण, तेही अगदी विरळ. एका तोफेपुढे बुलढाण्याचा दगड आणि चंद्राचा दगड, आणि दोघांनी मार खाल्ला तो एकाच पद्धतीने. लोणारवरून लावलेल्या पाच इयत्ता चंद्रालाही लागू पडल्या.

त्यातून एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. चंद्रावरून आणलेल्या बेसाल्टचे १५२ नमुने तपासले तर दुसऱ्या इयत्तेइतका मार खाल्लेले निघाले फक्त तीन. आणि चंद्राच्या मातीत तर काचेचे थेंब आणि वितळून चिकटलेले कण जिकडे तिकडे. म्हणजे कातळ थेट काच होत नाही, आधी बारीक माऱ्यांनी त्याची माती होते आणि मातीची काच. मोजायला गेले लोणारचा दगड, कळलं चंद्राच्या मातीचं.

हे वाचतात कसं, ते एकदा पाहिल्याशिवाय पटत नाही. दगडाची चकती घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणतात. एवढी पातळ की काळा पाषाण आरपार दिसू लागतो. ती काचपट्टीवर चिकटवून ध्रुवणकारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. साध्या प्रकाशात आपल्या विहिरीतला दगड आणि लोणारचा दुसऱ्या इयत्तेतला दगड जवळपास जुळे. पारदर्शक लांबट काड्या इकडे तिकडे पसरलेल्या, मधे तपकिरी पायरॉक्सिन. मग वरचा ध्रुवक आडवा सरकवायचा. विहिरीतल्या दगडाच्या काड्या राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांनी उजळतात. खालचं टेबल बोटाने गोल फिरवलं की त्या एकेक करून विझतात आणि पुन्हा पेटतात. लोणारच्या दगडात काड्यांच्या जागी काळोख. टेबल कितीही फिरवा, काडीच्या आकाराचा काळोख तसाच. शेजारचं पायरॉक्सिन मात्र रंगीत चमकत राहतं. घर उभं आहे, दारं-खिडक्या जागच्या जागी, आत कुणी नाही.

आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, आणि हे सांगणाऱ्यांत खुद्द डिकार्लीच पुढे होता. तोफेत दाब टिकतो जेमतेम सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापुरता, कारण चकतीच एक-दोन मिलिमीटर जाड. लोणारला आलेली वस्तू काही डझन मीटरांची धरली तरी तिथे दाब हजारो पट जास्त वेळ टिकला असणार. जास्त वेळ दाबलं तर कमी दाबातही तेच होईल का? होत असेल, तर प्रयोगशाळेचे उंबरठे निसर्गाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही. लोणारचं वयही असंच सरकलं. १९९७ साली काचेच्या तापदीप्तीवरून ५२ हजार वर्षं निघालं, २०११ साली अरगॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार, ४७ हजार इकडे किंवा तिकडे. दुसरा आकडा जास्त पायाशुद्ध वाटतो. लोणारच्या पाट्यांवर अजून पहिलाच आकडा वाचायला मिळाला तर नवल नको.

आघाताची भिंत जितकी दूर जाते तितकी पसरते आणि विरते. विवरापासून काही किलोमीटरांवर ती उरते ती नुसती हादऱ्याच्या रूपात, दगडातल्या साध्या आवाजाच्या वेगाने धावणारी. करमाडपर्यंत ती विसेक सेकंदांत पोचली असेल, जमीन हलली असेल. पण प्लॅजिओक्लेजच्या एकाही काडीला धक्का लागला नसणार. खाणीतल्या स्फोटकाचा दाबही फार तर दहा-एक गिगापास्कल, तोही भोकाच्या कडेलाच. म्हणून आमच्या विहिरीतले ढपले काठावर ढिगाने पडलेत ते सगळे शून्य इयत्तेचे, तोफेपुढे ठेवण्याआधी जसा दगड लागतो नेमके तसे. त्यांतला एक मी घासून काचपट्टीवर लावून घेतला आहे. टेबल फिरवलं की काड्या विझतात, आणि पाव फेऱ्यात परत पेटतात.